ऊर्जेचा सरवा : निरीक्षकाविना चालणाऱ्या वेधयंत्रांचा इतिहास

हवामानाचे मोजमाप सतराव्या शतकापासून उपकरणांच्या साहाय्याने होऊ लागले असले, तरी पुढची दोनशे वर्षे ते मुख्यतः माणसाच्या हजेरीचेच काम राहिले. तापमापक आणि वायुभारमापक आपापले आकडे दाखवत, पण ते वाचायला, वहीत उतरवायला आणि वरिष्ठ केंद्राला कळवायला ठरल्या वेळी तेथे कोणीतरी असावे लागे. १८७५ मध्ये भारतीय हवामान खात्याची स्थापना झाल्यावर देशभर उभे राहिलेले निरीक्षणांचे जाळे याच हजेरीवर चालले, आणि तहसील कचेरीच्या आवारातील पर्जन्यमापकात साठलेले पाणी रोज सकाळी मोजून त्याचा आकडा वर पाठवण्याची रीत आजही पूर्णपणे संपलेली नाही. जेथे माणूस कायमचा राहू शकत नाही अशी ठिकाणे, म्हणजे उंच शिखरे, ध्रुवाजवळची बेटे, निर्जन किनारे आणि घाटमाथ्यावरची अरण्ये, ही मात्र या जाळ्यातील भोके राहिली. आणि पूर, हिमलोट व वादळे यांची पहिली चाहूल बहुधा अशाच ठिकाणी लागत असल्यामुळे ती भोके बुजवण्याची निकड शास्त्रज्ञांना सुरुवातीपासून जाणवत होती.

निरीक्षकाला तेथून हलवायचे, तर त्याची तीन कामे यंत्राने करायला हवीत : मोजणे, वेळ राखणे आणि कळवणे. या तिन्हींना ऊर्जा लागते, पण ती सारखी लागत नाही. पॅरिसच्या रिशार बंधूंच्या कारखान्यात १८८०च्या दशकात तयार होऊ लागलेली स्वयंलेखी उपकरणे पाहिली की हा फरक ध्यानात येतो. त्यांच्या तापलेखकात लेखणी हलवण्याचे काम उष्णतेने कमी-अधिक वाकणारा धातूचा भाग करी, तर वायुभारलेखकात हवा काढून घेतलेल्या पातळ डब्या वातावरणाच्या दाबाने दबत वा फुगत आणि लेखणीला वर-खाली नेत. म्हणजे मोजण्यापुरती ऊर्जा ज्या हवेचे मोजमाप करायचे, ती हवाच पुरवीत असे. बाहेरून काही द्यावे लागत नव्हते. कागद गुंडाळलेला दंडगोल फिरवण्यासाठी, म्हणजे वेळ राखण्यासाठी, मात्र घड्याळाची कमान होती आणि तिला आठवड्यातून एकदा चावी द्यायला माणूस यावाच लागे. रोजची हजेरी आठवड्यावर आली, एवढीच काय ती सवलत मिळाली.

ही मुदत वाढवण्याचा एक भव्य प्रयत्न फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन यांनी केला. १८६८च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी गुंटूरला येऊन सूर्याच्या वर्णपटाचा वेध घेणारे हेच जान्सेन. १८९३ मध्ये त्यांनी माँ ब्लाँच्या शिखरावर, थेट बर्फावर, एक वेधशाळा उभारली आणि तिच्यासाठी हिवाळाभर, सुमारे आठ महिने, कोणाच्याही मदतीशिवाय चालेल असे हवामानलेखक यंत्र बनवून घेतले. जड वजन हळूहळू खाली उतरताना जी ऊर्जा मिळते, तिच्यावर ते चालायचे होते. उन्हाळ्यात माणसाने वजन वर चढवायचे आणि हिवाळाभर यंत्राने ती मेहनत थोडी-थोडी खर्च करायची, अशी ही योजना होती. प्रत्यक्षात यंत्राने तशी सलग साथ दिली नाही, वेधशाळाही बर्फात रुतत गेली आणि १९०९ मध्ये ती मोडून काढावी लागली. तरीही ऊर्जा साठवून ठेवून ती काटकसरीने वापरण्याची कल्पना येथे स्पष्टपणे मांडली गेली होती, आणि या इतिहासात पुढे आलेली बहुतेक यंत्रे त्याच कल्पनेची अधिक नेटकी रूपे आहेत.

वेळ राखण्याचा खर्चही निसर्गाकडून वसूल करता येतो, हे १९२८ मध्ये ज्याँ-लेओँ रत्तेर या अभियंत्याने दाखवले. त्याच्या ‘अ‍ॅटमॉस’ नावाच्या घड्याळात तापमानातील बारीक चढउतारांमुळे बंद डबीतील द्रव्य प्रसरण-आकुंचन पावे आणि त्या हालचालीने कमान आपोआप गुंडाळली जाई. दिवाणखान्यात शोभेसाठी ठेवण्याच्या या वस्तूचे दूरस्थ मापनाशी वरकरणी नाते नाही. पण आजूबाजूला वाया जाणाऱ्या ऊर्जेवर एखादे यंत्र वर्षानुवर्षे चालू शकते, याचे तोवरचे सर्वांत नेमके उदाहरण तेच होते.

तिसरे काम, म्हणजे कळवणे, सर्वांत खर्चिक निघाले. बिनतारी संदेशवहन आल्यावर तारांची गरज संपली, पण रेडिओलहरी सर्व दिशांना पसरत आणि अंतराबरोबर क्षीण होत जात असल्यामुळे प्रेषकाला, म्हणजे संदेश पाठवणाऱ्या भागाला, मोजणाऱ्या भागाच्या हजारो पट ऊर्जा लागे. फ्रान्समध्ये रोबेर ब्युरो यांनी १९२९ मध्ये आणि रशियात पावेल मोल्चानोव यांनी १९३० मध्ये फुग्याला बांधून आकाशात सोडलेली रेडिओसाँड, म्हणजे वरच्या हवेचे तापमान, दाब आणि आर्द्रता जमिनीवर कळवणारी उपकरणे, तास-दीड तासच चालायची असल्याने बॅटरीवर भागले. भारतीय हवामान खात्याने १९४०च्या दशकात पुण्यात विकसित केलेल्या पंखा-प्रकारच्या रेडिओसाँडमध्ये मात्र एक युक्ती होती : फुगा वर चढताना अंगावरून जाणाऱ्या हवेने एक हलका पंखा फिरे आणि तो आळीपाळीने एकेका मापकाची जोडणी प्रेषकाशी करून देई. प्रेषक बॅटरीवरच चाले. पण क्रम राखण्याचे काम चढणाऱ्या फुग्याच्या गतीतून फुकटात होई. युद्धकाळात आयात अवघड झालेल्या देशात घड्याळयंत्रापेक्षा पंखा बनवणे सोपे होते, हेही त्यामागचे एक कारण मानायला जागा आहे.

जमिनीवर महिनोन् महिने चालणाऱ्या बिनतारी केंद्राला काय लागे, याचा हिशोब दुसऱ्या महायुद्धातील एका जर्मन मोहिमेवरून मांडता येतो. अटलांटिकवरील हवामान पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकते, त्यामुळे युरोपातील पुढच्या काही दिवसांचे हवामान जाणण्यासाठी उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यावरची निरीक्षणे हवी होती, आणि ती जर्मनीला मिळत नव्हती. २२ ऑक्टोबर १९४३ रोजी यू-५३७ या पाणबुडीने लॅब्राडोरच्या उत्तर टोकाशी, मार्टिन उपसागरात, सीमेन्सने बनवलेले एक स्वयंचलित केंद्र उतरवले. प्रत्येकी शंभर किलोच्या आसपास वजनाचे दहा पिंपासारखे डबे, दहा मीटर उंचीचा खांब आणि १५० वॅटचा प्रेषक, असा त्याचा पसारा होता, आणि त्या डब्यांतील मोठा भाग बॅटऱ्यांनी व्यापलेला होता. केंद्र दर तीन तासांनी जागे होऊन काही मिनिटांत आपला संदेश पाठवी आणि पुन्हा गप्प होई. अशा रीतीने सहा महिने ते चालावे, अशी अपेक्षा होती. कोणी पाहिलेच तर संशय येऊ नये म्हणून डब्यांवर एका कल्पित कॅनेडियन हवामान सेवेचे नाव रंगवले होते आणि आजूबाजूला अमेरिकी सिगारेटची पाकिटे टाकली होती. थोड्याच दिवसांत त्याचे संदेश मिळेनासे झाले. डबे मात्र तेथेच पडून राहिले आणि १९८१ मध्ये त्यांचा खरा उलगडा होईपर्यंत ते काय आहेत हे कोणाच्या लक्षात आले नाही. आज ते ओटावाच्या युद्धसंग्रहालयात आहेत. जवळजवळ एक टन सामान नेऊन टाकल्यावर जास्तीत जास्त अर्ध्या वर्षाची सोय होणार होती, हे त्या काळचे प्रमाण.

त्याच सुमारास मॉस्कोत कळवण्याच्या खर्चावर अगदी वेगळा तोडगा निघाला होता, जरी त्याचा हेतू हवामान जाणण्याचा नव्हता. ऑगस्ट १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांनी अमेरिकी राजदूतांना लाकडात कोरलेले राजचिन्ह भेट दिले. त्यात ल्येव तेर्मेन या संशोधकाने बनवलेले एक हेरगिरीचे उपकरण दडवलेले होते, ज्यात बॅटरी नव्हती, तार नव्हती आणि स्वतःचा प्रेषकही नव्हता. बाहेरच्या गाडीतून त्यावर रेडिओलहरी सोडल्या की त्यातील धातूची पोकळी त्या लहरींना प्रतिसाद देई, खोलीतील आवाजाने तिचा पातळ पडदा थरथरे आणि परावर्तित लहरींत तो आवाज उमटे. ते १९५२ मध्ये सापडेपर्यंत राजदूतांच्या निवासात टांगलेले होते. ऊर्जेचा सगळा भार ऐकणाऱ्यावर टाकायचा आणि बोलणाऱ्याने फक्त आलेल्या लहरी थोड्या बदलून परतवायच्या, हे तत्त्व नंतर वस्तूंच्या ओळखपट्ट्यांत आणि काही आधुनिक संवेदकांत आले. संवेदक म्हणजे एखाद्या भौतिक राशीचे विद्युतसंकेतात रूपांतर करणारा घटक.

दूरच्या यंत्राला जागच्या जागी वीज मिळवून देण्याची निर्णायक वाट अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत सापडली, आणि तिची प्रेरणाही दुर्गमताच होती. दमट उष्ण प्रदेशातील टेलिफोन यंत्रणेत कोरड्या बॅटऱ्या लवकर खराब होत, म्हणून पर्यायी स्रोत शोधण्याचे काम डॅरिल चॅपिन यांच्याकडे आले; कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन यांच्यासह त्यांनी बनवलेला सिलिकॉनचा सौरघट २५ एप्रिल १९५४ रोजी जाहीर झाला. अंगावर पडलेल्या प्रकाशातील सुमारे सहा टक्के ऊर्जेचे तो विजेत रूपांतर करी. पुढच्याच वर्षी जॉर्जिया राज्यातील अमेरिकस या गावच्या टेलिफोन तारेवर त्याची चाचणी झाली, पण किंमत इतकी होती की जमिनीवर त्याला गिऱ्हाईक मिळेना. गिऱ्हाईक मिळाले ते अवकाशात. १७ मार्च १९५८ रोजी सोडलेल्या व्हॅनगार्ड-१ या छोट्या उपग्रहावर दोन प्रेषक होते : बॅटरीवर चालणारा जूनपर्यंत बंद पडला, तर सौरघटांवर चालणारा, त्याच्या निम्म्या शक्तीचा, मे १९६४ पर्यंत बोलत राहिला. साठा आणि आवक यांतील फरक इतक्या स्वच्छपणे क्वचितच सिद्ध झाला असेल.

जेथे महिनोन् महिने अंधार असतो किंवा बर्फ सगळे झाकून टाकते, तेथे मात्र सूर्याचा भरवसा नव्हता, आणि या अडचणीतून साठच्या दशकात एक धोकादायक आडवाट निघाली. दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यांची तापमाने भिन्न ठेवली तर त्यांच्या मंडलात वीज वाहते, हा परिणाम टोमास झेबेक यांनी १८२१ मध्ये शोधला होता. त्यासाठी लागणारी उष्णता किरणोत्सारी पदार्थाच्या क्षयातून मिळवली, तर हलणारा एकही भाग नसलेले आणि दशकानुदशके टिकणारे जनित्र तयार होते. १९६१ मध्ये कॅनडाच्या आक्सेल हायबर्ग बेटावर स्ट्रॉन्शियम-९० या पदार्थावर चालणारे हवामान केंद्र बसवण्यात आले. सोव्हिएत संघाने तर आर्क्टिक किनाऱ्यावरील दीपगृहांसाठी आणि दूरस्थ केंद्रांसाठी अशी सुमारे हजार जनित्रे बनवली. त्या यंत्रांकडे लक्ष देणारे राज्यच १९९१ मध्ये उरले नाही, आणि डिसेंबर २००१ मध्ये जॉर्जिया देशातील लिया या गावाजवळच्या रानात सरपणासाठी गेलेल्या तिघांना अशा जनित्रांतील, बर्फ वितळवणारी दोन गरम नळकांडी सापडली, तेव्हा त्यांनी थंडीत ऊब मिळते म्हणून ती जवळ घेऊन रात्र काढली. तिघेही किरणोत्साराने भाजले आणि त्यांतील एक पुढे दगावला.

या आडवाटेचा भारतातील अध्याय नंदादेवीवर घडला. १६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने लोप नोर येथे पहिली अणुचाचणी केल्यावर तेथील क्षेपणास्त्रांचे संकेत हिमालयाच्या माथ्यावरून ऐकावेत, अशी योजना अमेरिकी आणि भारतीय गुप्तचर यंत्रणांनी आखली, आणि ऑक्टोबर १९६५ मध्ये मोहनसिंग कोहली यांच्या नेतृत्वाखाली दोन्ही देशांचे गिर्यारोहक प्लुटोनियम-२३८च्या कुप्यांसह जनित्र, प्रेषक आणि अँटेना घेऊन ७,८१६ मीटर उंचीच्या या शिखराकडे निघाले. कोहली यांनी त्याच वर्षी मे महिन्यात भारताच्या यशस्वी एव्हरेस्ट मोहिमेचे नेतृत्व केले होते. वादळामुळे शिखराखालच्या तळावरच सामान खडकाला बांधून त्यांना परतावे लागले. पुढच्या वसंतात पथक तेथे पोचले, तेव्हा हिमलोटाने सगळे वाहून नेलेले होते आणि जनित्राचा पत्ता पुढेही लागला नाही. १९६७ मध्ये शेजारच्या नंदाकोटवर तसेच दुसरे उपकरण बसवले गेले, त्याने काही काळ काम केले, बर्फाखाली ते गाडले गेले आणि नंतर काढून आणण्यात आले. हे प्रकरण वृत्तपत्रांतून बाहेर आल्यावर पंतप्रधान मोरारजी देसाई यांनी एप्रिल १९७८ मध्ये संसदेत निवेदन केले. नंदादेवीच्या परिसरातून वाहणाऱ्या ऋषिगंगेचे पाणी अलकनंदेला आणि पुढे गंगेला मिळत असल्याने हा प्रश्न केवळ गुप्तहेरांचा राहिला नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये ऋषिगंगेला महापूर आला, तेव्हा तिच्या काठच्या रैणी गावात या हरवलेल्या जनित्राची चर्चा पुन्हा झाली. अभ्यासकांनी त्या पुराचे कारण रोंटी शिखरावरून कोसळलेला खडक आणि बर्फ हे असल्याचे दाखवले. प्लुटोनियम-२३८चा अर्धायुकाल, म्हणजे त्याचे प्रमाण निम्म्यावर येण्यास लागणारा काळ, सुमारे ८८ वर्षांचा आहे. परत जावे लागू नये म्हणून निवडलेला स्रोतच परत आणणे सर्वांत निकडीचे ठरला, हा या साऱ्या प्रकरणातील विरोधाभास आहे.

सौरघट आणि अणुजनित्र यांच्या इतिहासात सहसा निर्मितीचेच कौतुक होते. पण दूरस्थ संवेदकांचे खरे भाग्य उजळले ते खर्च कमी झाल्यामुळे. १९४७ मधील ट्रान्झिस्टर आणि १९६३ मध्ये मांडली गेलेली, स्थिर असताना जवळजवळ काहीच वीज न खाणारी सीमॉस मंडले यांनी मोजणे आणि वेळ राखणे ही दोन कामे अक्षरशः नगण्य खर्चाची केली. १९९०च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात क्रिस पिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळूच्या कणाएवढ्या बिनतारी संवेदकांची कल्पना मांडली. कण काही तेवढे लहान झाले नाहीत, पण काडेपेटीएवढे संवेदक २००२ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याजवळील ग्रेट डक बेटावर समुद्रपक्ष्यांच्या बिळांत बसवले गेले, कारण माणसाच्या वावराने ते पक्षी घरटी सोडून जात. अशा संवेदकाचा हिशोब साधा आहे : जागेपणी तो २० मिलिअँपिअर वीज खात असेल आणि दोन पेन्सिल सेलमध्ये २,५०० मिलिअँपिअर-तासांचा साठा असेल, तर अखंड जागा राहून तो पाच दिवस जगतो, शंभरातला एकच क्षण जागा राहून उरलेला काळ ०.०३ मिलिअँपिअरवर झोपून काढला, तर तेच सेल सुमारे सव्वा वर्ष पुरतात.

खर्च इतका उतरल्यावर पूर्वी हिशोबात न धरलेली आवकही पुरेशी ठरू लागली. पीक घरी गेल्यावर शेतात गळून राहिलेले दाणे आणि कणसे वेचून आणणे, म्हणजे सरवा वेचणे, हे जसे शेतकऱ्याला क्षुल्लक आणि वेचणाराला पोटापुरते असते, तसेच यंत्रांची थरथर, नळांची उष्णता, खोलीतला उजेड आणि हवेतल्या रेडिओलहरी यांतून मिळणाऱ्या ऊर्जेचे आहे. जर्मनीत २००१ मध्ये स्थापन झालेल्या एनओशन या कंपनीने बटण दाबण्याच्या बोटाच्या जोरावरच संदेश पाठवणारे बिनतारी स्विच बाजारात आणले. केनियात प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी झेब्र्यांच्या गळ्यात सौरघट असलेले पट्टे बांधले. पिएर आणि जाक क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये शोधलेला दाबविद्युत परिणाम, ज्यात ठरावीक स्फटिक दाबले असता वीज निर्माण होते, तो पूल आणि यंत्रे यांच्या कंपनांतून वीज मिळवण्यासाठी वापरात आला. २०१३ मध्ये सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात तर दूरचित्रवाणीच्या मनोऱ्यातून येणाऱ्या लहरींवरच जगणारी आणि त्याच लहरी परतवून आपसात बोलणारी उपकरणे दाखवली गेली. त्यांचे संभाषण अडीच फुटांपलीकडे पोचत नव्हते, पण तेर्मेनच्या युक्तीतील बाहेरची गाडीही आता लागत नव्हती. या साऱ्यांत उघड्यावरच्या सूर्यप्रकाशाची बरोबरी कोणताही स्रोत करू शकत नाही, आणि म्हणून उंच रानातील मोजमापात सरवा म्हणजे बहुधा सूर्यच.

भारतात याची पायाभरणी एका वेगळ्याच कारणाने आधी होऊन गेली होती. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यास आले, पुढे ते दिल्लीला गेले, पण पुणेकरांच्या तोंडी ती इमारत ‘शिमला ऑफिस’ म्हणूनच राहिली. अ‍ॅना मणी १९४८ मध्ये खात्याच्या पुण्यातील उपकरण विभागात रुजू झाल्या आणि त्यांनी हवामान-उपकरणे देशात बनवण्याचे काम हाती घेतले. १९५७-५८च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षाच्या निमित्ताने त्यांनी सौर प्रारण, म्हणजे जमिनीवर पोचणारी सूर्याची ऊर्जा, मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे उभारले. त्या नोंदींवर आधारलेली त्यांची संदर्भपुस्तके १९८०च्या सुमारास प्रसिद्ध झाली. कोणत्या गावी कोणत्या महिन्यात किती ऊन पदरात पडेल याची ही खातेवही सौर पॅनेल बसवणाऱ्याला अनायासे तयार मिळाली.

१९८३ मध्ये इन्सॅट-१बी उपग्रह कक्षेत गेल्यावर कळवण्याचा खर्चही आटोक्यात आला, कारण सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरच्या त्या एकाच श्रोत्याला काही वॅटची लहर क्षणभर पाठवली की पुरे होते. हवामान खात्याने त्या दशकात सौर पॅनेलने भारित होणारी सुमारे शंभर स्वयंचलित केंद्रे देशभर बसवली, नव्या शतकात ही संख्या शेकड्यांनी वाढली आणि त्यांचे संदेश उपग्रहामार्गे पुण्याच्या भूकेंद्रात येऊ लागले. पुढे मोबाइलच्या जाळ्याने हे काम आणखी स्वस्त केले. राज्य शासनाच्या २०१७ पासूनच्या ‘महावेध’ प्रकल्पात महाराष्ट्रातील दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत अशी केंद्रे उभी राहिली आणि त्यांच्या आकड्यांना पीकविम्याच्या भरपाईत स्थान मिळाले, त्यामुळे केंद्राने एखादा दिवस गप्प राहणे ही आता केवळ शास्त्रीय उणीव उरलेली नाही.

सह्याद्रीच्या माथ्यावर मात्र सरव्याचे गणित उलटे पडते. महाबळेश्वरला किंवा आंबोलीला पावसाची नोंद सर्वांत मोलाची असते ती जुलै-ऑगस्टात, आणि त्याच काळात सूर्य आठवडाच्या आठवडा ढगांआड असतो. सरासरी अर्धा वॅट वीज खाणारे केंद्र दिवसाला १२ वॅट-तास वापरते. ढगाळ दिवसांत पॅनेलची तुटपुंजी आवक सोडून दिली आणि दहा दिवसांची तजवीज करायची म्हटली, तर १२० वॅट-तासांचा साठा हवा, म्हणजे १२ व्होल्टची १० अँपिअर-तासांची बॅटरी. पण शिसे-आम्लाची बॅटरी वारंवार तळापर्यंत रिकामी केली तर ती लवकर निकामी होते, म्हणून प्रत्यक्षात निदान दुप्पट क्षमतेची घ्यावी लागते. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, दमट हवेत पॅनेलवर शेवाळ चढते, पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पाने अडकतात, आणि त्यासाठी पावसाळ्यापूर्वी पाना आणि फडके घेऊन एक तंत्रज्ञ घाट चढतो.